लाईट आली की

चैत्र सरत आला की आमच्याकडे कांद्याची पात आडवी पडते. पात पडली की समजायचं, खालचा कांदा भरला, आता त्याला वरच्या हिरव्याची गरज नाही. मग बाया वाफ्यांतून ओळीनं बसतात, कांदा उपटतात, दोन दिवस तिथंच वाळू देतात आणि नंतर विळ्यानं पात कापतात. कापलेल्या पातीचा वास सकाळी सहन होतो. बारानंतर तो तापतो आणि डोक्यात शिरतो. पदरानं नाक बांधलं तरी शिरतो. यंदाही काढणी लागली आहे, तोच वास आहे, आणि भर दुपारी लाईट येते तेव्हा मी हातातला विळा थांबवून कान देते.

काही ऐकू येत नाही. विहिरीवरची मोटार तेवढी घरघरते. रस्त्याकडेच्या पत्र्याच्या खोलीत माझी सून अर्चना कुणाचा तरी दाखला काढत असते. मी पुन्हा विळा चालवते.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. मी कॉम्प्युटरविषयी लिहावं हे कुणालाही विचित्र वाटेल. पण तीन वर्षांपूर्वी, याच दिवसांत, आम्ही दोघी सासवा-सुना एका जुन्या कॉम्प्युटरमध्ये नवी सिस्टीम घालायला बसलो होतो. सहा दिवस लागले. मी दुष्काळी कामावर खडी फोडली आहे, अडलेल्या गाईची वासरं ओढून काढली आहेत. पण इतकं कुढवणारं काम दुसरं पाहिलं नाही. खडी निदान फुटते. इथं काय फुटलं आणि काय राहिलं, तेच कळत नव्हतं.

सिस्टीम म्हणजे काय, ते अर्चनानं मला सांगितलं होतं. "आत्या, कॉम्प्युटर म्हंजी नुसतं घर. सिस्टीम म्हंजी त्यात राहणारं माणूस. आपण हाक मारली की तेच दार उघडतं."

"मग जुन्या माणसाला काय झालं?"

"ते चालत न्हाई आता. वरून नवं मागत्यात."

"आणि जुनं कुठं जातं?"

ती म्हणाली, "कुठंच न्हाई. पुसायचं असतंय."

आमची वस्ती पारनेर तालुक्यात, गावापासून मैलभर, नगरला जाणाऱ्या रस्त्याला लागून. घर शेतीच्या लाईनीवर आहे, म्हणजे विहिरीची मोटार आणि घरातला दिवा एकाच तारेवर. लाईट जाते-येते तिच्या मर्जीनं. माझा मुलगा दत्तू यानं रस्त्याकडेला पत्र्याची खोली उभी करून तिच्यात केंद्र चालवलं होतं. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीकविमा, शाळेचे फॉर्म. सकाळपासून माणसं येत. पण लाईट नसली की काम नाही. बॅटरी होती, ती कधीच बसली होती. म्हणून दत्तूनं कॉम्प्युटरला अशी सवय लावली की लाईट आली की तो आपोआप सुरू व्हायचा. पूर्ण तयार झाला की दत्तूच्याच आवाजात म्हणायचा, "या, बसा. कागदं आणली का?"

स्वतःचा आवाज मोबाईलवर भरून त्यानं तो आत घातला होता. सारखं ओरडून घसा बसतो, म्हणायचा.

माणसांनाही सवय लागली. कडुनिंबाखाली सावलीला बसून राहायची. आवाज आल्याशिवाय कुणी खोलीत पाय ठेवायचं नाही. आवाज आला की चपला काढून, कागद सरळ करून, एकेक जण आत. कुणी मध्येच शिरलंच, तर बाकीचे म्हणायचे, "अरं, बोलावलं का तुला?"

माघात दत्तू गेला. कांद्याला पाणी चालू होतं. मोटार धरेना म्हणून तो विहिरीवर गेला. लाईट नव्हती, म्हणून मोटारीचा खटका न पाडताच वायर सोलायला बसला. सव्वाबाराला लाईट आली.

त्याच लाईटीनं इकडे खोलीतला कॉम्प्युटर सुरू झाला आणि म्हणाला, "या, बसा. कागदं आणली का?" अर्चना चुलीपाशी होती. तिला वाटलं, दत्तू येऊन कामाला बसला. तिनं त्याचं ताट केलं. भाकरी, मेथी, कांदा फोडून. मी समोरच बसले होते. मीही आवाज ऐकला आणि मलाही तेच वाटलं. आम्ही ताट घेऊन बसलो. भाकरीचा वरचा पापुद्रा सुकून उचलला, तरी तो येईना. मग शेजारच्या वस्तीवरचा माणूस विहिरीकडून पळत आला.

यापलीकडे त्या दिवसाबद्दल मला काही लिहायचं नाही.

पुढं चाळीसेक दिवस असं चाललं. लाईट यायची, खोलीतून आवाज यायचा. दहाव्याला पाहुणे ओट्यावर बसले होते. सगळ्यांच्या माना खाली. लाईट आली आणि त्यानं सगळ्यांना बसायला सांगितलं. एक नात्यातली बाई चपला तिथंच टाकून रस्त्यापर्यंत पळाली. त्या चपला आमच्याकडे अजून आहेत.

गावात बोलणं सुरू झालं, की तो अजून वस्तीवरच आहे. मी म्हणायचे, यंत्र आहे, बटण बंद केलं की गप्प होईल. पण अर्चना बटणाला हात लावू देत नव्हती. "राहू द्या आत्या. काय मागतंय का ते आपल्याला?" दुपारी कामाला ती खोलीच्या भिंतीपाशी बसायला लागली. गहू निवडायचा तो तिथं, लसूण सोलायचा तो तिथं. लाईट आली की तिचे हात थांबायचे. आवाज झाला की पुन्हा चालायचे.

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. त्यांच्यावर विश्वास ठेवायला रिकामपण लागतं. पण भर बाराची वेळ मला लहानपणापासून आवडत नाही. सावली पायाखाली जाते. कोंबड्या गप्प होतात. कुत्रं डोळे उघडे ठेवून झोपतं. सगळं इतकं लख्ख दिसत असतं की लपायला जागा राहत नाही, आपल्याला नाही आणि दुसऱ्या कशालाही नाही. त्या वेळेला मेलेल्या मुलानं बसा म्हणावं आणि आपण बसलेलंच असावं, हे चाळीस दिवस पुष्कळ झालं.

आमच्या घरात एक रीत आहे. गेलेल्या माणसाचं घड्याळ चालू ठेवायचं नाही. माझ्या सासऱ्यांच्या घड्याळाची किल्ली आम्ही अशीच सोडून दिली होती. नवऱ्याच्या घड्याळातला सेल मीच काढला. गेलेल्याचं घड्याळ पुढं चालत राहिलं तर त्याला वाटतं, आपली वाट बघतायत. दत्तूच्या मनगटी घड्याळातला सेल मी तेराव्या दिवशी काढला. टेबलावरच्या घड्याळातलाही काढला. एक दिवस अर्चना गावात गेलेली असताना मी खोलीत गेले. आत वारा खेळावा म्हणून दत्तूनं कॉम्प्युटरच्या डब्याचं एका बाजूचं झाकण काढून ठेवलेलं होतं. आत धूळ, तारा, आणि एका कोपऱ्यात गोल चपटा सेल. आठ आण्याच्या नाण्याएवढा, घड्याळात असतो तसाच, थोडा मोठा.

म्हणजे यातही घड्याळ होतं. आणि ते चालू होतं.

मी नखानं सेल काढला. बाकीच्या दोन सेलांबरोबर फडक्यात गाठ मारून गोड्या मसाल्याच्या रिकाम्या डब्यात ठेवला. झाकण बसवून टाकलं. दुसऱ्या दिवशी लाईट आली. आवाज आला नाही.

अर्चना गहू निवडत होती. तिचे हात थांबले ते थांबलेच. मग ती म्हणाली, "गेलं वाटतं."

मी काही बोलले नाही.

चैत्रात तिचा भाऊ आला. अंबादास, पाथर्डीकडचा. तिकडं पाऊस कमी. दिवाळी झाली की घरंच्या घरं ऊसतोडीला जातात. तो ओट्यावर बसला, चहा प्याला आणि म्हणाला, "अक्का, हितं आता कुणाच्या आधारानं राहती? लेकरू न्हाई, बाळ न्हाई. चल आपल्याकडं."

"आणि दिवाळीनंतर?" मी विचारलं.

"टोळीत यील की. आमी काय परकं हाव?"

"कोयता द्यायचा तिच्या हातात."

"मावशी, तुमच्या हातात तरी काय हाय तिला द्यायला?"

मी कप उचलले. अर्चना म्हणाली, "दादा, केंद्र माझ्या नावावर करून मिळतंय. अर्ज मंजूर झालाय. कॉम्प्युटरला नवी सिस्टीम टाकून महिनाअखेरीस चालू दाखवायचं, एवढंच राहिलंय. न्हाई दाखवलं तर शेजारच्या गावाला जातंय."

अंबादास हसला. "तुला येतंय का ते?"

"बघती."

"बघ. चालू झालं तर ऱ्हा. न्हाईतर महिनाअखेरीला मी जीप घिऊन येतो."

नगरला कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. चालवणारे शफीकभाई दत्तूच्या ओळखीचे. पन्नाशीचा माणूस, दमा आहे. अर्चनानं त्यांच्याकडून पेनड्राइव्ह आणला. सगळं मराठीत दिसेल असा करून घेतला, म्हणजे मलाही वाचता यावं. दोन जणी असलेल्या बऱ्या, म्हणाली. मोबाईल टेबलावर उभा ठेवून शफीकभाई फोनवरून सांगायचे आणि ती करायची. बाहेर कांदा वाळत पडलेला. सकाळी आम्ही वाफ्यात आणि लाईट आली की धावत खोलीत.

पहिल्या दिवशी काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली आणि यंत्र तिथंच अडून बसलं. शफीकभाईंनी कुठलंसं बटण दाबायला सांगितलं. अर्चनानं दाबलं. पंखा घरघरला, पडदा निळा झाला, आणि खोली भरून आवाज आला, "या, बसा. कागदं आणली का?"

कितीतरी दिवसांनी. आम्ही दोघी उभ्याच होतो.

फोनवरून शफीकभाई म्हणाले, "कोण आलंय वहिनी? गिऱ्हाईक असेल तर नंतर करू."

"न्हाई," अर्चना म्हणाली. "कोणी न्हाई."

मग ते म्हणाले, फॉरमॅट मारला की काही राहणार नाही. जे ठेवायचं ते आधी दुसऱ्या पेनड्राइव्हवर काढा. अर्चनानं लोकांचे कागद काढले. लग्नातले फोटो काढले. मग तिचा हात थांबला आणि तिनं माझ्याकडं पाहिलं. काय विचारते आहे ते मला कळलं.

"ते राहू दे," मी म्हटलं. "ठेवलंस तर रोज ऐकशील."

पेनड्राइव्ह काढून तिनं टिकल्यांच्या डबीत ठेवला.

पडद्यावर ओळ आली: या जागेवरचं सगळं कायमचं पुसलं जाईल. खाली दोन चौकोन, ठीक आहे आणि रद्द करा. मी मोठ्यानं वाचलं. अर्चनाचा हात माऊसवर होता, पण बोट काही खाली जाईना. बाहेरून कांद्याच्या पातीचा वास येत होता. पत्रा तापून कडकडत होता. मी म्हटलं, सरक. मी माऊस धरला. त्याचा बाण पडद्याच्या एका टोकाला पळाला आणि तिथंच जाऊन बसला. मग मी तिला विचारलं, होय म्हणायचं बटण कोणतं. तिनं दाखवलं. ते मोठं असतं, चुकायला नको म्हणून असेल.

मी दाबलं. पुसायला काही क्षणच लागले. मला वाटलं होतं, जास्त लागतील.

त्यापुढं टक्के सुरू झाले. या टक्क्यांबद्दल मला सांगायचं आहे. माणूस अत्यवस्थ असतो तेव्हा आपण उशाशी बसून श्वास मोजतो, तसं ते मोजणं असतं. आठ टक्के. अकरा टक्के. मग बराच वेळ अकराच. आपण श्वास धरतो. बारा. ज्यानं हे आकडे लावले त्यानं कधी कुणाच्या उशाशी बसून पाहिलं असावं. छत्तीसवर आले आणि लाईट गेली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा शून्यापासून. त्या दिवशी एकाहत्तरवर लाईट गेली. अर्चना विळा घेऊन गप वाफ्यात जाऊन बसली. तिच्या ओळीतले कांदे मुळासकट इतक्या खाली कापले जात होते की मी तिला उठवलं.

तिसऱ्या दिवशी शंभर भरले. यंत्र आपणहून बंद झालं, आपणहून उघडलं. अंधाऱ्या पडद्यावर एकच शब्द उमटला: नमस्कार. मग तो विरला आणि दुसरी ओळ आली: आम्ही तुमच्यासाठी सगळं तयार करत आहोत. मी अर्चनाला विचारलं, "हे आम्ही कोण?"

"सिस्टीम, आत्या."

"एकटी आहे का बरेच आहेत?"

तिला हसू आलं. माघानंतर पहिल्यांदा. मग पडद्यानं विचारलं: हे यंत्र कोण वापरणार आहे? तिचं हसू गेलं. पुढं एक कांडी लुकलुकत होती. दम टाकावा तशी, हळू. अर्चना एकेक अक्षर शोधून दाबत गेली. मी वाचत गेले. द. त्ता. त्र. य.

मी तिला थांबवलं नाही. थांबवायला पाहिजे होतं.

पडदा म्हणाला: नमस्कार, दत्तात्रय. सगळं आमच्यावर सोडा.

त्यानंतर त्याला नेट पाहिजे होतं. नेट होतं, पण कुठलंच पान उघडेना. हे ठिकाण सुरक्षित नाही, असं लिहून यायचं. शफीकभाई फोनवर म्हणाले, कोपऱ्यातली तारीख बघा. कोपऱ्यात एक जानेवारी होती, पुष्कळ वर्षांपूर्वीची. दत्तूनं हे यंत्र आणलं त्याच्या आदल्या वर्षाची. अर्चनानं तारीख दुरुस्त केली. पान उघडलं. ती मला दाखवणार इतक्यात लाईट गेली. परत आली तेव्हा पुन्हा एक जानेवारी, तेच वर्ष. पुन्हा दुरुस्त केली. पुन्हा लाईट गेली. पुन्हा एक जानेवारी.

मी त्या आकड्यांकडे बघत बसले. त्या यंत्राच्या हिशेबानं दत्तू जिवंत होता. त्याचं लग्न झालं नव्हतं. अर्चना अजून पाथर्डीला आपल्या घरी होती, मी तिचं नावही ऐकलेलं नव्हतं. आणि तरी ती समोर बसून त्याला आजची तारीख शिकवत होती. तो तेवढ्यापुरतं ऐकत होता आणि पाठ फिरली की परत जात होता.

चौथ्या दिवशी तर ते उघडेचना. निळा पडदा, खाली न समजणाऱ्या ओळी. अर्चनानं कपाळ टेबलाला टेकवलं. "त्यांना पुढं यायचंच न्हाई, आत्या. त्यांना तिथंच ऱ्हायचंय."

"यंत्र आहे ते."

"मग रोज मागं का जातंय?"

मला तेव्हा कळायला लागलं होतं. तारीख राहत नाही म्हणजे घड्याळ बंद. घड्याळ बंद, कारण सेल नाही. सेल कुठं आहे ते मला माहीत होतं. पण ते सांगायचं तर चाळीस दिवस जो आवाज ती भिंतीला टेकून ऐकत होती, तो मीच बंद केला, हेही सांगावं लागणार होतं. तिनं त्या दिवशी 'गेलं वाटतं' म्हटलं तेव्हा मी गप्प बसले होते, तेही. महिनाअखेरीला पाच दिवस राहिले होते. मी संध्याकाळपर्यंत कांदे कापले आणि बोलले नाही. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण लिहायचं तर सगळं लिहावं.

पाचव्या दिवशी शफीकभाई मोटरसायकलवर आले. रुमाल बांधलेला, घामानं भिजलेले. डब्याचं झाकण काढलं, बॅटरी मारून आत डोकावले आणि म्हणाले, "अरे, सेलच नाही की इथं. उंदरानं नेला काय? सेल नसला तर याला आजचा दिवस कळणार कसा? लाईट गेली की सगळं विसरणार. तारीख विसरणार, तुम्ही काय शिकवलं ते विसरणार. वहिनी, तुम्ही चार दिवस बिनडोक्याच्या माणसाला शाळा शिकवताय."

मी उठले. घरात गेले. मसाल्याचा डबा आणला, फडक्याची गाठ सोडली आणि तिन्ही सेल टेबलावर ठेवले. त्यांना धण्याचा आणि दगडफुलाचा वास लागला होता.

शफीकभाईंनी त्यातला मोठा चपटा उचलला, रुमालानं पुसला, काट्याच्या मीटरला लावून पाहिला. "अजून जान आहे याच्यात, मावशी," ते म्हणाले आणि बसवायला वाकले.

अर्चना माझ्याकडं बघत होती. "तुमी काढला व्हय?"

"व्हय."

"मला वाटलं, त्या दिवशी ते गेले."

"तो माघात गेला," मी म्हटलं.

तिनं मान हलवली. किती वेळ हलवत राहिली. मग ती बाहेर गेली, माठातलं पाणी घेऊन आली आणि शफीकभाईंच्या आधी तांब्या माझ्यापुढं धरला.

त्या दिवशी लाईट साडेतीन तास राहिली. सिस्टीम पुन्हा पहिल्यापासून घातली. टक्के एकदाही अडले नाहीत. नमस्कार आलं, आम्ही तयार करत आहोत आलं. हे यंत्र कोण वापरणार आहे, असं विचारल्यावर तिनं स्वतःचं नाव घातलं. तीनच अक्षरं. पण बोट शेवटच्या अक्षरावर बराच वेळ राहिलं. अंगठ्याचं यंत्र ओळखायला त्यानं दुसऱ्या दिवसाची दुपार घेतली, छापायचं यंत्र ओळखायला संध्याकाळ. कोपऱ्यातली तारीख आजची होती. लाईट गेली, आली, तरी आजचीच. जाताना शफीकभाईंनी लाईट आली की आपोआप सुरू व्हायची सवयही त्याला पुन्हा लावून दिली. आवाज तेवढा त्यांच्याकडं नव्हता.

महिनाअखेरीला दोन दिवस होते तेव्हा केंद्र उघडलं. गावात कळलं होतं. कडुनिंबाखाली दहा-बारा माणसं येऊन बसली. लाईट आली. पंखा घरघरला, पडदा उजळला. अर्चना खुर्चीत सरळ बसली.

कुणी उठेना.

आवाज येणार नाही, हे त्यांना माहीत होतं. दत्तूला खांदा दिलेली माणसं होती त्यांत. तरी कागद मांडीवर धरून सगळी दाराकडं बघत बसली. अर्चना दारात येऊन "या की" म्हणाली. दोघं उठले आणि इकडं-तिकडं बघून परत बसले. म्हातारा किसन म्हणाला, "बोलावू दे की." कुणाला म्हणाला ते त्याचं त्यालाही ठाऊक नसावं. कुणी हसलं नाही. ऊन डोक्यावर होतं, पाखरू हलत नव्हतं. बारा माणसं एका रिकाम्या आवाजाची वाट बघत होती. अशा वेळी दारात उभ्या असलेल्या बाईनं काय करावं? ती आत जाऊन बसली. पाठमोरी होती, पण मला तिची मान दिसत होती. मला वाटलं, आता ही परवा जीपमध्ये बसणार.

मी ओट्यावर पात निवडत होते. तिथूनच म्हणाले, "या, बसा. कागदं आणली का?"

माझा आवाज जाड आहे. दत्तूचा माझ्यावरच गेला होता. किसन उठला, चपला काढल्या, आत गेला. मग बाकीचे गेले. त्या दिवशी मी तीन वेळा बोलावलं, लाईट तीन वेळा आली म्हणून.

दुसऱ्या दिवशी वरच्या रानातला कांदा काढायचा होता. वरचं रान नाल्यापलीकडं, घरापासून अर्धा कोस. मी उजाडता गेले ती दिवस कलल्यावर परत आले. महिनाअखेर उद्यावर होती, अंबादास येणार होता. मी पाय धुतले आणि ओट्यावर टेकले. अर्चना खोली बंद करून आली. आज बावीस जणांची कामं झाली म्हणाली. मग खांबाला धरून उभी राहिली.

"आत्या, दुपारी तुमी कवा आल्तात?"

"का?"

"मी पाण्याला गेल्ते आडावर. मधीच लाईट आली. परत आले तर खोलीत चौघं बसलेली, कागदं हातात धरून. म्हटलं, तुमाला कुणी बसवलं? तर म्हणाली, बोलावलं की आतून."

वारा पडला होता. कापलेल्या पातीचा वास माझ्या हातांना येत होता. ते कुणाचा आवाज म्हणाले, हे मी तिला विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही.

"मीच बोलावलं," मी म्हटलं. "मधी येऊन गेले. विळा विसरला होता."

"तुमीच असाल," ती म्हणाली.

सकाळी तिनंच मला दिवसभराची भाकरी फडक्यात बांधून दिली होती. ते रिकामं फडकं अजून माझ्या हातात होतं. तिनं ते घेतलं, झटकलं आणि धुण्यात टाकलं.